मला नऊ, तुला एक

माणूस खोटं बोलत नाही, तो विसरतो. हे मत मावशीने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. एका जाड दाराच्या अलीकडे बावीस वर्षं बसून ते तिने स्वतः तयार केलं होतं.

दारापलीकडे ते मोठं मशीन होतं. माणसाला फळीवर आडवं करायचं, फळी आत सरकवायची आणि त्याच्या मेंदूत कुठे काय हलतं त्याची चित्रं काढायची. मशीनच्या पोटात रात्रंदिवस जागं असलेलं लोहचुंबक. एकदा एका रंगाऱ्याच्या खिशातली पत्र्याची डबी दारातूनच सुटली आणि गोफणीतल्या दगडासारखी जाऊन मशीनला चिकटली. ती सोडवायला तीन माणसं लागली. तेव्हापासून धातूचा कणही दारापलीकडे जाता कामा नये असा नियम झाला आणि तो नियम म्हणजे मावशी. सगळे तिला चुंबकमावशी म्हणत. म्हणत, मशीनने ओढायच्या आधी मावशीच ओढून घेते.

संशोधनासाठी आपणहून येणाऱ्या माणसांना कागदोपत्री एक लांबलचक नाव होतं. मावशी त्यांना पाहुणे म्हणायची. अंगात काही दुखणं नसताना जो दुसऱ्याला आपल्या डोक्यात डोकावू देतो, तो पाहुणाच की!

तिची रीत ठरलेली होती. पहिल्यांदा ती सरळ विचारायची, "अंगावर धातूचं काही आहे का?" यावर शंभरातले नव्याण्णव म्हणायचे, "नाही." मग ती पडदा सारखा करता करता सहज विचारायची, "घराला कुलूप कोण लावून आलं?" की पाहुण्याचा हात खिशात जायचा आणि किल्ली बाहेर. "केस छान बांधलेत हो, कशाने?" की चिमटे बाहेर. वयस्कर पाहुण्याला ती जेवणाबद्दल विचारायची, कडक काही चावतं का म्हणून, आणि कवळी वाटीत यायची. सगळ्या वस्तू पाहुण्यासमोर एकेक करून निळ्या ट्रेमध्ये ठेवायच्या, ट्रे लॉकरमध्ये, लॉकरची चावी आपल्या खिशात. मग चाव्या दाराबाहेरच्या खुंटीला अडकवून आत जाऊन फळीवर आडव्या झालेल्या पाहुण्याच्या पायांवर पांघरूण घालायचं आणि पहिलं एक मिनिट त्याचा अंगठा धरून उभं राहायचं. डोक्यावर पिंजरा, कानात बोळे, चहूबाजूंनी भिंत; अशा वेळी आपल्या पायाच्या अंगठ्याला कुणीतरी माणूस धरलेला आहे एवढं कळलं तरी पुष्कळ. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि कामाच्या यादीतही नव्हतं.

तासाभराने फळी बाहेर आली की मावशी हात पुढे करायची. पाहुणा तो घट्ट धरून उठून बसायचा. काही जण तर उठल्यावरही सोडायचे नाहीत. दिवसाकाठी असे चार-पाच हात. मावशी पगार घेऊन घरी जायची ती महिन्यातून एकदा, पण हे हात रोज घेऊन जायची. चालताना बघावं तर माणूस काही विशेष घडल्यासारखं चालतं आहे.

तर हे हात थांबले.

कधीपासून, ते तिला नेमकं सांगता येईना. दोन महिने तरी झाले असतील. फळी बाहेर आली, हिने हात पुढे केला, तर पाहुणा फळीची कड धरून उठायला लागला. एक जण, दोन जण, मग सगळेच. एका निवृत्त मास्तरीणबाईंनी ट्रेमधल्या तीन अंगठ्या मोजल्या, बोटांत घातल्या, पुन्हा काढल्या आणि उजेडात धरून बघितल्या. आत जाताना याच बाईंनी मावशीला गुडघ्यावरचं औषध सांगितलं होतं.

"अहो, माझ्या अंगाला वास येतो का?" तिने घरी नवऱ्याला विचारलं.

नवरा निवृत्त बसचालक. आयुष्यभर आरशातून मागची माणसं बघितल्यामुळे त्याला कुणाकडे सरळ बघायची सवयच राहिली नव्हती. वर्तमानपत्राआडून म्हणाला, "चाळीस वर्षांत आज विचारतेस?"

"चेष्टा नको. माणसं दूर पळतात माझ्यापासून."

"मग तू पळतेस का त्यांच्यामागे? बस सुटली की सुटली."

मावशीने साबण बदलला. केस वेगळे बांधून पाहिले. पाहुण्यांशी जास्त गोड बोलायला लागली, त्याने तर काम आणखीच बिघडलं. आणि एका सोमवारी कार्यालयाच्या साहेबांचं पत्र आलं. पाहुण्यांकडून जाताना जो अभिप्राय भरून घेतात, त्यात सात जणांनी मदतनीस बाईंबद्दल नाराजी लिहिली होती. 'वस्तू परत घेताना लक्ष ठेवावं लागतं.' 'विश्वास वाटला नाही.' 'कारण सांगता येणार नाही, पण बाई बरोबर वाटल्या नाहीत.' कुणाचं काही हरवलेलं नव्हतं. तरीही येत्या एक तारखेपासून मावशीची बदली तळघरातल्या भांडारात. तिथे जुन्या खुर्च्या, कागदांचे गठ्ठे आणि एक ट्यूबलाइट. धरायला तिथे ना हात, ना अंगठा.

बावीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. मावशीने पत्राची चौकोनी घडी घातली आणि ती स्वेटरच्या खिशात ठेवली. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायचं काय, की मला आता चोर समजतात?

त्याच आठवड्यात तिच्या घरासमोर शिवणकाम करणारी शेजारीण पाहुणी म्हणून आली. दोन महिने मशीनवर एकच अभ्यास चालू होता, दिवसाला जेमतेम एक पाहुणा. त्या अभ्यासात एक खेळ होता, त्यात मिळतील त्या गुणांवर बक्षीस होतं, आणि शेजारणीचा डोळा छत्रीवर होता. दोघींची पंचवीस वर्षांची ओळख. एकीचा तवा तापला की दुसरीच्या घरात कळायचं. मावशीने तपासलं तर तिच्या अंगावरून टाचण्याच निघाल्या अकरा.

तासाभराने फळी बाहेर आली. मावशी हात पुढे करावा की नाही या विचारात असतानाच शेजारणीने तो खसकन धरला आणि उठून बसत म्हणाली, "काय गं ए कंजूष! दहातला एकच देतेस होय मला?"

"काय देते?"

"वर आणि विचारतेस! मला नऊ, तुला एक. मला नऊ, तुला एक. बाई बाई बाई! तिकडच्या खोलीत बसून दाबत होतीस ना बटणं?"

मावशीला काही कळेना. मग बाहेरच्या बाकड्यावर बसून शेजारणीने सगळं सांगितलं. आत डोळ्यांवर एक आरसा असतो, त्यात पडदा दिसतो. पडद्यावर एकेका खेळाडूचा फोटो येतो. त्या खेळाडूला दहा गुण मिळालेले असतात, त्यातले किती स्वतःला ठेवायचे आणि किती तुम्हाला द्यायचे ते तो ठरवतो. तुम्ही फक्त हो किंवा नाही दाबायचं. हो दाबलं तर वाटणी पक्की. नाही दाबलं तर दोघांनाही भोपळा. एक मिशीवाला खेळाडू होता, तो बिचारा नेहमी निम्मे-निम्मे करायचा. एक मुलगी होती, ती कधी असं कधी तसं. आणि तिसरी...

"तिसरी तू. हा तुझा निळा स्वेटर. आणि तोंड असं, जणू काही मी तुझं कापड चोरलंय."

"अगं पण मी तर इथे लॉकरपाशी बसले होते!"

"ते बाहेर आल्यावर कळलं. हा बघ ना कागद दिला." शेजारणीने घडी उलगडली. खेळाडू खरे नव्हते, वाटे संगणक करत होता, असं त्यात छापलेलं होतं. "पण सांगू का, सुरुवातीला मी हो दाबत होते. म्हटलं, आपलीच आहे. एक तर एक. पण पाचव्यांदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला नको तर तुलाही नको! दाबलं नाही. आणि इतकं बरं वाटलं, काय सांगू! छत्री गेली तरी चालेल, पण हिची जिरली पाहिजे."

दोघी पोट धरून हसल्या. मावशीने ट्रे काढून पुढे ठेवला. शेजारणीने टाचण्या उचलल्या, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि हसता हसता थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

"सांग ना."

"तू चिडशील." शेजारीण किल्ल्यांकडे बघत म्हणाली, "आत्ता हा जुडगा घेताना माझ्या मनात आलं, हिने सगळ्या किल्ल्या दिल्या ना? बघ बाई. मला सगळं माहीत आहे. तुला मी ओळखते. तरी आलं."

मग मात्र कुणीच हसलं नाही. पंचवीस वर्षांच्या शेजारणीच्या मनात जे एका तासात येऊ शकतं, ते अनोळखी पाहुण्यांच्या मनात आलं तर त्यांचा काय दोष? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची पद्धत जुनीच आहे. इथे चोर कोण होता, एवढंच काय ते नवीन.

चोर होती चष्मेवाली. निदान चष्मेवालीला तरी तसंच वाटलं. ही पंचविशी ओलांडलेली मुलगी, या अभ्यासावरच तिची पदवी अवलंबून. मावशीने तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मावशी, मी फोटो काढताना तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मला वाटलं भिंतीवर लावायला काढतेस. म्हणून तर नवा स्वेटर घालून आले. आणि मी हसत होते तर तू म्हणालीस, हसू नका, तोंड साधं ठेवा."

"कागदावर लिहिलं होतं सगळं. तुमची सही आहे."

"अगं, लिहिलं म्हणजे पोचलं का? मी दिवसभर काय करते? एकच गोष्ट तीनदा विचारते, तीन तऱ्हांनी. एकदा विचारून भागलं असतं तर माझी गरजच काय?"

चष्मेवालीने मग काय झालं ते सांगितलं. फोटो दुसऱ्या इमारतीतल्या माणसांचे घ्यायचे असं ठरलं होतं. मिशीवाला ग्रंथालयातला, मुलगी हिशेब खात्यातली. तिसरी बाई ऐनवेळी रजेवर गेली, म्हणून मावशी. कोणता चेहरा कंजूष होणार ते संगणकाने सोडत काढून ठरवलं. पण जी बाई पाहुण्याला आत पोचवते आणि बाहेर काढते, तिचाच चेहरा आत दिसला तर काय होईल, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. मेंदूतला तज्ज्ञ आणि व्हरांड्यातला आंधळा, अशी गत.

"कागद दिला की माणसाला कळतं असं मला वाटलं," ती म्हणाली. "कळतंही. पण आपल्याला काही मिळालं, नाही मिळालं, कुणी दिलं, कुणी नाही दिलं, याची नोंद मेंदू फार खोलवर करतो. तिथपर्यंत कागद जात नाही. बरोबरीचा वाटा मिळाला की गोड खाल्ल्यावर जो भाग खूश होतो, तोच खूश होतो. आणि मला नऊ तुला एक असं कुणी केलं, की नासकं दूध नाकाशी आल्यावर जो भाग जागा होतो, तोच जागा होतो. माणूस रागावतो असं आपण म्हणतो. पण आत त्याला अक्षरशः शिसारी येते."

"म्हणजे मी नासकं दूध."

"मावशी!" मुलीचे डोळे भरले.

"रडू नको. माझे रडायचे दिवस अजून आठ आहेत, एक तारखेपर्यंत." असं म्हणून मावशीने खिशातलं पत्र काढून तिच्यापुढे ठेवलं.

चष्मेवालीने ते दोनदा वाचलं. मग तिने खणातून दुसरा एक कागद काढला. कुणालाही, कधीही, काहीही कारण न देता आपला फोटो अभ्यासातून मागे घेता येतो, असा तो कागद होता. त्यावर मावशीने सही केली की झालं. पण तसं केलं तर आतापर्यंतच्या चाळीस पाहुण्यांची चित्रं टोपलीत. नव्या चेहऱ्याने पहिल्यापासून सुरुवात. वर्ष गेलं. हे तिने मावशीला सांगितलं नाही. ते तिच्या मागे उभ्या असलेल्या, मशीन चालवणाऱ्या माणसाने सांगितलं. तो असा मध्येच बोलणारा होता, म्हणून बरं.

घरी मावशीने अखेर नवऱ्याला दोन्ही कागद दाखवले. शेजारीणही येऊन बसली होती.

"सही कर," शेजारीण म्हणाली. "बावीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"सही कर," नवराही म्हणाला. पण मग वर्तमानपत्र खाली ठेवून, हे तो सहसा करत नसे, म्हणाला, "का गं, ती मुलगी तीच ना, जी तुझा पाय मुरगळला तेव्हा घरी सोडायला आली होती?"

"तीच."

"हं." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

"हे काय, हो की नाही ते नीट सांगा ना!" शेजारीण म्हणाली.

"मी बस चालवायचो बाई. कुठे उतरायचं ते उतारूने ठरवायचं."

मावशीला झोप नीट लागली नाही. तिचं नाव की त्या मुलीचं वर्ष? कागदावर पाहिलं तर हीसुद्धा एक वाटणीच होती. हो म्हटलं तर एकीला सगळं, दुसरीला काही नाही. शनिवारी मशीन रिकामं असतं. ती चष्मेवालीला म्हणाली, "सही करायची की नाही ते सांगते. पण आधी मला तो खेळ खेळू दे."

"तुम्ही? तुम्हाला सगळं माहीत आहे, मावशी. काही वाटणार नाही तुम्हाला."

"तेच बघायचंय."

त्या दिवशी पहिल्यांदाच मावशी पडद्याच्या त्या बाजूला होती. चष्मेवालीने विचारलं, "अंगावर धातूचं काही आहे का?"

"मला विचारतेस?" मावशी हसली. "नाही."

दारापाशी पोचली आणि थबकली. खिशात बाराही लॉकरच्या चाव्या होत्या. "बघितलंस?" चाव्या मुलीच्या हातात देत ती म्हणाली. "सरळ विचारलं की माणूस नाहीच म्हणतो. मीसुद्धा."

आत डोक्यावर पिंजरा आला. कानात बोळे. हातात दोन बटणं. मग मशीन सुरू झालं, कुणी शेजारी भिंतीत भोकं पाडतंय असा आवाज. अंगठा धरायला कुणी नव्हतं, कारण तसं कामाच्या यादीत नव्हतं. मावशीला पहिल्यांदाच कळलं की हे एक मिनिट केवढं मोठं असतं.

मिशीवाला आला. तुला पाच, मला पाच. मावशीने हो दाबलं आणि मनात म्हणाली, सुखी राहा बाबा. मुलगी आली, तिने चार दिले. बरं, चार तर चार. मग निळा स्वेटर आला. मला नऊ, तुला एक.

मावशीला हसू आलं. ती तीच होती, तोंड मिटलेलं, डोळे सरळ. किती म्हातारी दिसते मी, असं वाटलं. हो दाबलं. पुन्हा आली. पुन्हा नऊ. पुन्हा हो. तिसऱ्यांदा ती दिसली तेव्हा मावशीला हसू आलं नाही. चौथ्यांदा त्या मिटलेल्या ओठांचा तिला त्रास व्हायला लागला. एवढी कसली गं घमेंड? दहा मिळालेत, तेही फुकट, दोन द्यायला काय झालं? सगळं संगणकाचं आहे हे तिला पाठ होतं. ही मीच आहे हेही पाठ होतं. पाचव्यांदा निळा स्वेटर पडद्यावर आला आणि नऊ हा आकडा दिसला न दिसला तोच तिचं बोट 'नाही'वर जाऊन बसलं. तिने बोटाला तसं सांगितलेलं नव्हतं.

आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं. तापलेल्या अंगावर कुणी ओला हात फिरवावा तसं.

फळी बाहेर आली तेव्हा चष्मेवालीने हात पुढे केला. मावशीने तो धरला आणि सोडला नाही.

"मी मलाच नाही म्हटलं गं," ती म्हणाली. ती हसतेय की रडतेय ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. "एकदा नाही, पुढे प्रत्येक वेळी."

कपडे बदलून ती आपल्या खोलीत आली. भिंतीवरच्या आरशात सहज नजर गेली आणि निळा स्वेटर दिसताक्षणी तिने तोंड फिरवलं. क्षणभरच. मग ओळख पटली. पण त्या एका क्षणात तिने त्या मास्तरीणबाईंना माफ केलं, फळीची कड धरून उठणाऱ्या सगळ्यांना माफ केलं. बिचाऱ्यांनी मोजल्या त्या अंगठ्या नव्हत्याच. आत मिळालेल्या त्या एक-एक गुणाचा राग त्यांच्या बोटांत शिल्लक होता, तो असा बाहेर पडत होता.

तिने सहीचा कागद कोराच परत दिला. "तुझे चाळीस पाहुणे तुझे. उरलेले वीसही तुझे. पण दोन गोष्टी माझ्या. सोमवारी माझ्याबरोबर साहेबांकडे यायचं आणि चूक झाली हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. दुसरी गोष्ट मग सांगते."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. साहेब तसे सज्जन. पूर्वी जिन्यात भेटले की, "काय मावशी, आज किती टाचण्या?" असं विचारायचे. अलीकडे तेही बंद झालं होतं. चष्मेवालीने न अडखळता सगळं सांगितलं, आपली चूक कुठे झाली तेही. साहेबांनी ऐकून घेतलं, सातही अभिप्राय काढले आणि टेबलावर ओळीने मांडले.

"ते ठीक आहे. पण सात तक्रारी म्हणजे सात तक्रारी. मी कागद बघून निर्णय घेतो, चेहरा बघून नाही."

"आधी मला बोलावून विचारलं नाहीत, साहेब," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांत एकदा माझ्या हातून वाटी फुटली होती, तर तेव्हासुद्धा तुम्ही बोलावून विचारलं होतं."

साहेब काही बोलणार तेवढ्यात चष्मेवाली अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही आमचे बारा नंबरचे पाहुणे आहात."

साहेबांना छत्री मिळाली होती. ती कोपऱ्यात उभी होती, विभागाच्या नावाची. मावशीने छत्रीकडे पाहिलं, मग साहेबांनी पाहिलं.

"तुम्ही तिला चौदा वेळा नाही म्हटलं होतं, सर," मुलगी पुढे म्हणाली. "चौदातल्या चौदा."

"ते खेळात," साहेब म्हणाले.

"हो साहेब, खेळातच," मावशी म्हणाली. "मीसुद्धा परवा दहा वेळा म्हटलं. माझ्याच तोंडावर. तुम्हाला मी दोष देत नाही. पण पत्रावर सही करताना हा निळा स्वेटर डोळ्यांपुढे आलाच असेल की."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते सात कागद एकेक करून उचलले. मग त्यांनी बदलीचं पत्र मागून घेतलं. रद्द असं काही त्यांनी लिहिलं नाही. साहेब लोक एकदम रद्द लिहीत नाहीत. 'पुढील आदेशापर्यंत स्थगित' असं लिहिलं आणि खाली सही केली. दोघी दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "मावशी, आज किती टाचण्या?"

"आज सोमवार, साहेब. अजून मोजायच्यात."

दुसरी गोष्ट होती ती अशी: उरलेला प्रत्येक पाहुणा, सगळी चित्रं काढून झाल्यावर, छापील कागद हातात मिळाल्यावर, मावशीच्या टेबलाशी एक डाव खेळणार. खराखुरा, समोरासमोर. बशीत लिंबाच्या दहा गोळ्या. वाटणी मावशी करणार. चष्मेवालीने आपल्या वरिष्ठांना विचारलं, ते म्हणाले, चित्रं काढून झाल्यावर काय वाटेल ते करा.

पहिल्याच दिवशी मावशीची फजिती झाली. आत इतकं कमी दिलंय बिचाऱ्याला, म्हणून तिने पाहुण्यापुढे नऊ गोळ्या सरकवल्या आणि स्वतःला एक ठेवली. पाहुणा होता शाळेत रंगकाम शिकवणारा. त्याने गोळ्यांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं.

"का हो? जुन्या आहेत का?"

दुसऱ्याने तर हातच लावला नाही. "नको, मला खोकला आहे," म्हणाला, आणि खोकला नव्हता. मावशीने रात्री नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "पूर्ण रिकाम्या बसमध्ये लोक चढत नाहीत. विचारतात, काय, बंद पडली का?"

मग तिने निम्मे केले. पाच तुम्हाला, पाच मला. बाकी काही बोलायचं नाही, हसायचंही फार नाही. पाहुण्याने एक गोळी तोंडात टाकायची, आपणही एक टाकायची आणि दोघांनी मिनिटभर गोळी चघळत बसायचं. ज्या वाटेने राग आत गेला होता, त्याच वाटेने त्याला बाहेर काढायचं. समजावून नाही, वाटून.

त्रेचाळीस नंबरचे पाहुणे म्हणजे टपालखात्यातले एक गृहस्थ. आत जाताना बोलघेवडे, बाहेर आले ते ओठ आवळून. फळीची कड धरूनच उठले. मावशीने त्यांना टेबलाशी बसवलं, बशी मधे ठेवली, आणि एक इकडे, एक तिकडे अशा गोळ्या मांडल्या. पाच-पाच झाल्यावर हात मागे घेतला.

गृहस्थांनी मनातल्या मनात मोजल्या, ते तिला दिसलं. मग त्यांनी एक गोळी सोलली. तिनेही सोलली.

"आंबट आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो ना. मीही तेच म्हणते, जरा जास्तच आहे."

"आतली ती बाई तुम्हीच ना?"

"मीच. तोंड साधं ठेवा म्हणाले होते."

गृहस्थ खो-खो हसले. मग गप्पा निघाल्या, कुठल्या रस्त्यावर कुठलं कुत्रं टपालवाल्याला ओळखतं वगैरे. मावशीने बोलता बोलता ट्रे पुढे केला. त्यांनी किल्ल्या उचलल्या, पट्टा उचलला, न बघता खिशात कोंबले, उठले, हात पुढे केला, मावशीचा हात धरून दोनदा हलवला आणि बोलत बोलतच बाहेर पडले.

मावशी तो हात तसाच पुढे धरून जरा वेळ उभी राहिली. मग ट्रे लॉकरमध्ये ठेवायला उचलला, तर ट्रेच्या तळाशी घड्याळ.

"अहो! अहो पाहुणे!" ती व्हरांड्यात धावली. पाय मुरगळल्यापासून ती धावली नव्हती. "अहो, घड्याळ राहिलं तुमचं! बघून घ्यावं माणसाने!"

"असू दे हो," ते दारातून वळून म्हणाले, "तुमच्याकडेच तर होतं."